हरवलेले द्रव्य वेगळे, कृष्णद्रव्य वेगळे

जून २०२५ मध्ये ‘विश्वातले हरवलेले द्रव्य सापडले’ अशा अर्थाच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गोंधळ एकच आहे, हे हरवलेले द्रव्य म्हणजेच कृष्णद्रव्य असे समजण्याचा. फक्त विचारणाऱ्यांची गावे आणि वये बदलतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर पाठवणे आता जमत नाही, म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतो. काही प्रश्नांना एक ओळ पुरते. एका प्रश्नावर मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

प्रश्न : ‘सामान्य द्रव्य’ म्हणजे नेमके काय? एका पुस्तकात ‘बॅरिऑन’ लिहिले आहे, दुसऱ्यात ‘अणू’. दोन्ही एकच का? (दहावीची विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : बॅरिऑन म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन बॅरिऑन नाही, पण प्रोटॉन त्याच्या १,८३६ पट जड असतो, त्यामुळे वजनाच्या हिशेबात इलेक्ट्रॉन वेगळा धरत नाहीत. तू, तुझी वही, वाशिष्ठीचे पाणी, सूर्य, दोन दीर्घिकांमधला (आपल्या आकाशगंगेसारख्या दोन तारासमूहांमधला) विरळ वायू, सगळे सामान्य द्रव्यच. ‘अणू’ हा शब्द मात्र जपून वापर. विश्वातल्या बहुतेक सामान्य द्रव्यातले इलेक्ट्रॉन केंद्रकापासून सुटलेले आहेत, म्हणजे ते द्रव्य अखंड अणूंच्या रूपात नाही. परीक्षेत कोणता शब्द लिहायचा हे तुझ्या विज्ञानाच्या बाईंना विचारून घे.

प्रश्न : ‘विश्वात सामान्य द्रव्य ५ टक्के’ असे वाचतो. कशाचे ५ टक्के? आणि किलोत सांगायचे तर किती? (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

उत्तर : विश्वात द्रव्य आणि ऊर्जा मिळून जे काही आहे त्याचे सुमारे ५ टक्के. साधारण २६ ते २७ टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, आणि उरलेली ६८ टक्क्यांच्या आसपास कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा. पण टक्केवारीने चित्र डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून मी वर्गात खोलीचा हिशेब मांडत असे.

दहा बाय दहाची खोली घ्या, उंची नऊ फूट. आकारमान साधारण २५ घनमीटर. खोलीतले सगळे सामान काढा, हवाही काढा. आता विश्वातले सगळे सामान्य द्रव्य, म्हणजे तारे, ग्रह, वायू, धूळ, सारे काही दळून सर्वत्र सारखे पसरले अशी कल्पना करा. तुमच्या खोलीच्या वाट्याला किती येईल? सहा प्रोटॉन. सहा हजार नाही, सहा लाख नाही, सहा. दर चार घनमीटरला एक. त्याच खोलीत विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशाचे कण मात्र एक हजार कोटींहून अधिक असतील. हे सहा आणि हजार कोटींचे प्रमाण खगोलशास्त्रातल्या अत्यंत महत्त्वाच्या आकड्यांपैकी एक आहे आणि पुढच्या उत्तरात तेच कामाला येणार आहे.

आता किलोचे. संपूर्ण विश्व केवढे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे ‘संपूर्ण विश्वाचे वजन’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाचे सांगता येते. त्याची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे, आकारमान अंदाजे ४ वर ८० शून्ये इतके घनमीटर. दर चार घनमीटरला एक प्रोटॉन, म्हणून भागाकार एकावर ८० शून्ये. एका प्रोटॉनच्या वजनाने गुणले की दीडावर ५३ शून्ये, म्हणजे एकावर ५३ शून्यांच्या दीडपट किलोच्या घरात आपण पोहोचतो. तुम्ही हयातभर ताळेबंद तपासले आहेत, तेव्हा हा गुणाकार स्वतः करून पाहा आणि तपासून घ्यायला जवळच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आकडा माझ्याकडून ऐकला म्हणून मानू नका.

प्रश्न : तिथे जाऊन कोणी मोजलेले नाही. मग हा आकडा म्हणजे अंदाजच ना? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : अंदाज आणि अटकळ यांत फरक आहे. हा आकडा दोन वेगळ्या तराजूंवर तोलला गेला आहे आणि दोन्ही तराजू एकमेकांना ओळखत नाहीत.

पहिला तराजू ड्युटेरियमचा. ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन, केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत तो तयार झाला आणि त्यातला बहुतेक लगेच हेलियम बनण्यात खर्ची पडला. त्या वेळी प्रकाशाच्या कणांच्या तुलनेत प्रोटॉन-न्यूट्रॉनची जितकी दाटी, तितका ड्युटेरियमचा खर्च पूर्ण आणि तितकी शिल्लक कमी. म्हणून शिल्लक मोजली की दाटी कळते. ताऱ्यांच्या पोटात ड्युटेरियम टिकत नाही, तो जळूनच जातो, त्यामुळे जो सापडतो तो मुळातलाच.

मोजतात कसा? दूरच्या क्वेसारचा, म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, प्रकाश वाटेतल्या एखाद्या जुन्या, ताऱ्यांच्या राखेने फारशा न माखलेल्या वायुमेघातून येतो तेव्हा वर्णपटात हायड्रोजनची काळी रेषा उमटते. तिच्या निळ्या बाजूला, सेकंदाला ८२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूची रेषा जेवढी सरकेल तेवढ्या अंतरावर, ड्युटेरियमची फिकट रेषा असते. इथेच घात होतो. तेवढ्याच वेगाने आपल्याकडे सरकणारा दुसरा एखादा साधा हायड्रोजनचा मेघ अगदी तिथेच रेषा उमटवतो आणि ड्युटेरियमचे सोंग घेतो. १९९४ मध्ये आलेले एक मोजमाप नंतरच्या मोजमापांच्या दहापट निघाले, ते अशाच कारणाने. आज स्वच्छ मेघ निवडून मिळालेला आकडा असा : हायड्रोजनच्या सुमारे ४० हजार अणूंमागे ड्युटेरियमचा एक.

दुसरा तराजू त्या पुराण्या प्रकाशाचा. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे होईपर्यंत प्रकाश आणि द्रव्य यांचे तापलेले मिश्रण होते आणि त्यातून ध्वनीसारख्या लहरी जात होत्या. इथे मला नेहमी तबला आठवतो. पुडीवर शाई लावली की चामड्यावर भार येतो आणि नादातल्या वरच्या स्वरांचे नाते बदलते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये नेमका याचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. आद्य मिश्रणात शाईचे काम प्रोटॉन-न्यूट्रॉननी केले. भार जितका अधिक, तितकी त्या लहरींच्या आलेखातली पहिली आणि तिसरी शिखरे दुसऱ्याच्या तुलनेत उंच. २००९ मध्ये झेपावलेल्या प्लांक उपग्रहाने ही शिखरे इतक्या बारकाईने मोजली की सामान्य द्रव्याच्या घनतेतली अनिश्चितता एका टक्क्याच्या आत आली.

एक तराजू पहिल्या मिनिटांचा, दुसरा पावणेचार लाख वर्षांनंतरचा. दोन्हींची उत्तरे जुळतात. ताळा जमतो म्हणतात तो असा.

एक गोष्ट लपवणार नाही. लिथियम हा तिसरा तराजू नीट चालत नाही. गणित सांगते त्याच्या सुमारे एक तृतीयांशच लिथियम जुन्या ताऱ्यांत दिसतो. काही तो ताऱ्यांच्या पोटात नष्ट होत असेल, पण वाद मिटलेला नाही. प्रकल्पासाठी हा विषय घेणार असशील तर आधी मार्गदर्शकांशी बस. नुसत्या व्हिडिओंवर प्रकल्प उभा करू नकोस.

प्रश्न : विश्वातले बहुतेक द्रव्य ताऱ्यांत असते ना? (आठवीचा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : नाही, सामान्य द्रव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ताऱ्यांत आहे.

प्रश्न : हरवलेले द्रव्य कृष्णविवरांनी गिळले असेल का? (वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. सगळ्या ज्ञात कृष्णविवरांचे वजन एकत्र केले तरी या हिशेबात त्याने फरक पडत नाही.

प्रश्न : हरवलेले द्रव्य सापडले, म्हणजे कृष्णद्रव्याचे कोडे सुटले. मग अजूनही शास्त्रज्ञ कृष्णद्रव्य शोधण्यावर पैसे का घालवतात? आमच्या ग्रुपवर एका जाणकारांनी तसे सविस्तर लिहिले होते. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : ज्यांनी लिहिले त्यांनी मूळ शोधनिबंध वाचलेला नाही. ही गल्लत मला दर आठवड्याला भेटते आणि ती चांगल्या शिकलेल्या माणसांकडून येते म्हणून जास्त टोचते. जरा बैठक मारून वाचा.

हरवलेल्या वस्तू दोन आहेत.

पहिली कृष्णद्रव्य. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकांच्या गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. इतक्या वेगाने धावणाऱ्या दीर्घिका गुच्छात टिकायच्या तर दिसते त्याच्या कितीतरी पट वस्तुमान हवे, असे त्यांना आढळले. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या फिरण्यात तेच पाहिले. या न दिसणाऱ्या वस्तुमानाला त्या काळी ‘हरवलेले वस्तुमान’ म्हणत. आजच्या गोंधळाचे मूळ या जुन्या नावात आहे.

दुसरी वस्तू म्हणजे हरवलेले बॅरिऑन. हे प्रकरण नंतरचे. वर सांगितलेल्या तराजूंनी सामान्य द्रव्य किती असायला हवे ते सांगितले. मग लोक आजच्या विश्वात शिरगणती करायला निघाले : तारे मोजले, दीर्घिकांतला थंड वायू मोजला, गुच्छांतला तापलेला वायू मोजला, दीर्घिकांमधले हायड्रोजनचे विरळ मेघ मोजले. १९९८ मध्ये फुकुगिता, होगन आणि पीबल्स या तिघांनी असा जमाखर्च पद्धतशीर मांडला. जवळच्या, म्हणजे आजच्या विश्वात खाती भरता भरत नव्हती. पुढे मोजमापे सुधारली, तरी २०१२ च्या सुमारास जवळपास ३० टक्के रक्कम कुठे आहे ते सापडत नव्हते. हे ३० टक्के कशाचे? सामान्य द्रव्याचे. म्हणजे त्या ५ टक्क्यांतले ३० टक्के. कृष्णद्रव्याचा यात एक पैसाही नाही.

उदाहरण घरातले घ्या. पासबुक सांगते की या महिन्यात घरात शंभर रुपये आले. कपाटात, डब्यात, खिशात मिळून सत्तरच सापडले. शोधता शोधता उरलेले तीस गादीखाली मिळाले. आनंदच आहे, शंभराचा हिशेब पुरा झाला. पण शेजाऱ्याने तुमच्या नावावर ठेवलेल्या पाचशे पस्तीस रुपयांचे कोडे त्याने सुटले का? कृष्णद्रव्य सामान्य द्रव्याच्या साधारण सव्वापाच ते साडेपाच पट आहे आणि ते आहे तिथेच, न ओळखता पडून आहे.

उलट या शोधाने कृष्णद्रव्याची बाजू अधिक पक्की झाली. एक शंका पूर्वी रास्त होती की कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारे साधेच पदार्थ असतील : विझलेले तारे, भटके ग्रह, अंधारातले गोळे. १९९० च्या दशकात मोठ्या मॅगेलन मेघातल्या (आपल्या आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या) लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून अशा गोळ्यांमुळे होणारी प्रकाशाची तात्पुरती वाढ शोधली गेली. पुरेसे गोळे निघाले नाहीत. ड्युटेरियमचा तराजूही सांगत होताच की सामान्य द्रव्य इतके असूच शकत नाही. आता शिरगणतीही त्याच आकड्यावर येऊन थांबली. म्हणजे साध्या द्रव्याचे खाते भरले, त्यात आणखी पाचपट माल कोंबायला जागा नाही. कृष्णद्रव्य काही निराळेच आहे हे त्यामुळे ठसते.

गंमत म्हणून नाही, अभ्यास म्हणून एक तपशील सांगतो. झ्विकींच्या कोमा गुच्छात दोन्ही हरवलेल्या वस्तू एकत्र होत्या. पुढे क्ष-किरण दुर्बिणी आल्या तेव्हा कळले की तिथे दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंशांचा वायू आहे आणि त्याचे वजन तिथल्या सगळ्या ताऱ्यांच्या कित्येक पट आहे. झ्विकींना हा वायू दिसणे शक्यच नव्हते. तो हिशेबात घेऊनही गुच्छाच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग न दिसणाराच राहिला. एकाच जागी एक कोडे सुटले, दुसरे तसेच उरले.

तेव्हा ग्रुपवरचा मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : यातले ‘हरवलेले’ म्हणजे बॅरिऑन की कृष्णद्रव्य? लिहिणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर तो मजकूर तिथेच थांबवा. मूळ शोधनिबंधाचा गोषवारा इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. इंग्रजी अवघड वाटले तर जवळच्या खगोलमंडळातल्या एखाद्या अभ्यासू सदस्याबरोबर बसून वाचा.

प्रश्न : मग ते द्रव्य होते कुठे आणि रेडिओ स्फोटांनी ते सापडले कसे? आपल्या खोडदच्या दुर्बिणीचा यात काही वाटा आहे का? (शिक्षक, जुन्नर)

उत्तर : होते दीर्घिकांच्या मधल्या प्रचंड पोकळीत आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंत. सेन आणि ऑस्ट्रायकर यांनी १९९९ मध्येच संगणकावर विश्व घडवून पाहिले होते. त्यांचा निष्कर्ष असा की आजच्या सामान्य द्रव्याचा मोठा भाग एक लाख ते एक कोटी अंश तापमानाच्या अतिविरळ वायूत असावा. अडचण दिसण्याची. एवढ्या तापमानाला हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटून जातो, म्हणून तो प्रकाश शोषत नाही, आणि वायू इतका विरळ की चमकतही नाही. २०१८ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीने एकाच दूरच्या तेजस्वी ब्लेझारकडे (ज्याचा झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशा दीर्घिकाकेंद्राकडे) एकूण सुमारे १८ दिवस पाहिले, तेव्हा वाटेतल्या ऑक्सिजनच्या दोन खुणा मिळाल्या. एवढ्या कष्टाला दोन खुणा.

रेडिओ स्फोटांनी वाट सोपी केली. दूरच्या दीर्घिकेतून काही मिलिसेकंदांचा रेडिओ झटका येतो. सगळ्या तरंगलांबी एकदम निघतात, पण वाटेतले सुटे इलेक्ट्रॉन लांब लहरींना जास्त रखडवतात. समजा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची रास खगोलशास्त्रातल्या मापाने ५०० आहे, ही अगदी नेहमीची संख्या. तर ७०० मेगाहर्ट्झची लहर १,४०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा सुमारे ३.२ सेकंद उशिरा पोहोचते. घड्याळाने मोजता येईल असा हा उशीर म्हणजे वाटेतल्या द्रव्याचे वजनच आहे. वायू थंड की तापलेला, याने काही बिघडत नाही. इलेक्ट्रॉन सुटा असला की तो मोजला गेला, आणि इलेक्ट्रॉन मोजले की त्यांच्या जोडीचे प्रोटॉन आलेच.

ही रास किती विरळ आहे पाहा. इथून त्या दीर्घिकेपर्यंत, काही अब्ज प्रकाशवर्षे लांब आणि एक चौरस सेंटीमीटर जाड अशी नळी कल्पनेने ओढा. तिच्यातला सगळा वायू गोळा केला तर वजन भरेल अडीच-तीन मिलिग्रॅम. फोडणीतल्या मोहरीचा एक बारीक दाणा. एवढ्या दाण्याचे वजन घड्याळाने करता येते, हे मला अजूनही थक्क करते.

२०२० मध्ये जाँ-पिएर माकार आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या अॅस्कॅप दुर्बिणीने टिपलेल्या मोजक्या स्फोटांवरून हा हिशेब प्रथम जुळवला. निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत माकार वारले. स्फोटाचे अंतर आणि ही रास यांच्या नात्याला आता त्यांचेच नाव आहे. २०२५ च्या बातमीतले काम कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या दुर्बिणीच्या गटाचे. त्यांनी ६९ स्फोट घेतले आणि वाटणी अशी मांडली : सुमारे ७६ टक्के सामान्य द्रव्य दीर्घिकांच्या दरम्यान, १५ टक्के दीर्घिकांभोवतीच्या प्रभामंडळांत, बाकीचे दीर्घिकांच्या आत तारे आणि थंड वायू म्हणून. बातम्यांनी एक गोष्ट बहुधा गाळली. त्या ७६ मध्ये साधारण दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, असे निबंधातच लिहिले आहे. वर्गात आकडा सांगाल तेव्हा ही अनिश्चितता त्याच्यासोबत सांगा.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल : ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी कमी कंप्रतेवर पुन्हा पुन्हा होणाऱ्या रेडिओ स्फोटांचा अभ्यास केला आहे. पण शिरगणतीत तिचे मोठे काम थंड वायूचे आहे. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी २०२० मध्ये सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून त्यांच्यातला सरासरी अणुरूप हायड्रोजन मोजला. इतक्या दूरची एकेकटी दीर्घिका या पद्धतीने दिसत नाही, म्हणून ही रचना. त्या वायूवर ताऱ्यांची निर्मिती फक्त एक-दोन अब्ज वर्षे चालली असती, असे निघाले. म्हणजे बाहेरून नवा वायू येत राहायला हवा, आणि तो येणार त्याच दोन दीर्घिकांमधल्या साठ्यातून. तुम्ही जुन्नरला राहता. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन असते. मुलांना घेऊन जा आणि हे प्रश्न तिथल्या संशोधकांना विचारा.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर महास्फोट मानत नव्हते. मग महास्फोटावर आधारलेली ही सगळी मोजणी रद्दच नाही का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नारळीकर सरांचे नाव घेऊन असे लिहिणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, सरांचा आक्षेप पुराव्यावर बोट ठेवून असे, ‘रद्द करा’ असा नसे. १९९३ मध्ये फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडला. त्यात पार्श्वभूमीचा प्रकाश, म्हणजे वर आलेला तो पुराणा प्रकाश, हा ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या सुईसारख्या धूलिकणांनी एकसारखा केलेला, असे स्पष्टीकरण होते. हेलियम ताऱ्यांतून येऊ शकतो हा युक्तिवादही होता. त्या मांडणीची खरी अडचण ड्युटेरियम : तारे तो घडवत नाहीत, जाळतात.

आणि इथेच शिरगणतीची किंमत कळते. रेडिओ स्फोटांचा हिशेब पहिल्या मिनिटांच्या गणितावर उभा नाही. तो आजच्या विश्वातले इलेक्ट्रॉन मोजतो. तरीही उत्तर तेच येते. आक्षेप घेणाऱ्याने याला उत्तर द्यायला हवे आणि असा आग्रह सरांनीच आम्हाला शिकवला. सरांची पुस्तके मराठीत आहेत, ती मुळातून वाचा. व्हॉट्सअॅपवर त्यांच्या नावाने फिरणारे परिच्छेद सरांचे असतातच असे नाही.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. एका ऑनलाइन संस्थेचा ‘कृष्णद्रव्य संशोधन’ असा सहा आठवड्यांचा कोर्स आहे. शेवटी शोधनिबंध आणि प्रमाणपत्र देतात. फी बरीच आहे, दोन दिवसांत भरली तर सवलत आहे. भरू का? (पालक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : भरू नका. सहा आठवड्यांत अकरावीच्या मुलीच्या हातून या विषयात शोधनिबंध होत नाही. जो होतो तो दुसऱ्याने लिहिलेला असतो, त्यावर नाव फक्त तिचे असते. दोन दिवसांची सवलत ही विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच असते. अशा प्रमाणपत्राच्या भरवशावर परदेशी प्रवेशाची स्वप्ने पाहून मागाहून रडलेले पालक मी पाहिले आहेत. मुलीला गणित पक्के करू द्या. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या शालेय उपक्रमांची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. मुंबईचे नेहरू तारांगण आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. तिथे विचारा आणि तिच्या भौतिकशास्त्राच्या सरांशीही एकदा बोला. आणि हो, दुसऱ्या एका पत्रात ‘कृष्णद्रव्याची ऊर्जा’ असलेल्या लॉकेटबद्दल विचारले होते. कृष्णद्रव्य पकडून डबीत भरणे आजवर कोणालाही जमलेले नाही. ती शुद्ध फसवणूक आहे, पैसे दिले असतील तर ग्राहक आयोगाकडे दाद मागा.

प्रश्न : माझ्या नोट्समध्ये ‘विश्वातले बहुतेक सामान्य द्रव्य दीर्घिकांत असते’ असे आहे. तीन वर्षे तेच शिकवते आहे. हे सत्र संपत आले, पुढच्या जूनपासून बदलले तर चालेल का? (शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : चालणार नाही. उद्याच्या तासाला बदला. या वर्षीची मुले ते वाक्य घेऊनच पुढच्या वर्गात जातील. ‘बहुतेक सामान्य द्रव्य दीर्घिकांच्या बाहेर, त्यांच्यामधल्या विरळ वायूत’ असे लिहा. चुकले होते हे मुलांना मोकळेपणाने सांगा, त्यात कमीपणा नाही. नव्या नोट्स विभागातल्या एका सहकाऱ्याला तपासायला द्या, मला पाठवल्यात तरी चालेल.

प्रश्न : तारे हायड्रोजन जाळतात, मग सामान्य द्रव्य कमी होत जाते का? (बारावीचा विद्यार्थी, वर्धा)

उत्तर : नाही, प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या तीच राहते. हायड्रोजनचा हेलियम होताना वजनातला ०.७ टक्के भाग तेवढा ऊर्जेच्या रूपाने जातो.

प्रश्न : माझ्याकडे चार इंची दुर्बीण आहे. हा दीर्घिकांभोवतीचा वायू तिच्यातून दिसेल का? (हौशी निरीक्षक, रत्नागिरी)

उत्तर : नाही दिसणार, याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणीतूनही नाही. पण तो कुठे आहे ते पाहता येईल. नोव्हेंबरच्या अमावास्येला गावाच्या दिव्यांपासून लांब जा आणि देवयानी तारकासमूहातली दीर्घिका शोधा. नुसत्या डोळ्यांना ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते, तुमच्या दुर्बिणीत लांबट डाग. २०२० मध्ये हबल दुर्बिणीने तिच्या आसपास दिसणाऱ्या ४३ क्वेसारांचा प्रकाश तपासला आणि तिच्याभोवतीचा वायू सुमारे १३ लाख प्रकाशवर्षांपर्यंत, काही दिशांना २० लाखांपर्यंत पसरलेला आढळला. तो डोळ्यांना दिसला असता तर सप्तर्षींच्या रुंदीच्या तिप्पट जागा त्याने आकाशात व्यापली असती. डाग सापडला की दुर्बिणीतून डोळा काढा आणि त्या ठिपक्याच्या चहूबाजूंना तेवढे आकाश नजरेने आखून पाहा. पहिल्यांदा जाताना एकटे जाऊ नका. नकाशा वाचता येणारे एखादे अनुभवी निरीक्षक सोबत घ्या, नाहीतर अर्धी रात्र डाग शोधण्यातच जाईल.